राखणदाराचा पांढरा कौल

काशीराम परबाने त्या शनिवारी दुपारी देवाच्या पाठीमागे ब्रोमीनची बाटली ठेवली, ती काही देवाची थट्टा करावी म्हणून नव्हे. मुलुंड पूर्वेला मिठागराच्या बांधाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या चाळीत माणसं चिक्कार होती, पण हातात दिलेली वस्तू उघडून न बघणारा एकच होता. तो म्हणजे कोपऱ्यावरच्या घुमटीतला राखणदार.

राखणदार म्हणजे मालवणाकडच्या एका ओहोळातून उचलून आणलेला काळा गुळगुळीत धोंडा. गिरणीत भरती व्हायला लोक मुंबईला आले तेव्हा कोणी ट्रंक आणली, कोणी पाटा आणला. या चाळीच्या वाडवडलांनी गावचा देव आणला. बोटीवरच्या तपासनिसाने त्याचंही तिकीट मागितलं म्हणे, आणि तो तपासनीस जो धक्क्यावर उतरला, त्याला पुन्हा जन्मात मुंबईची बोट मिळाली नाही. ज्या बोटीत चढेल ती उलटी गावाला जायची. खरंखोटं त्या बोटीला माहीत. पण चाळीत चोरी होत नव्हती, एवढं मात्र खरं.

काशीरामाची गिरणी संपात बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून तो घाटकोपरच्या एका दुकानात होता. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवणारं दुकान, आणि माल नीट पोचवायचं काम काशीरामाचं. त्या शनिवारी शेठने त्याच्या हातात पत्र्याचा डबा दिला आणि बजावलं, "परब, ये गुस्सेवाली चीज है. ठंडी जगह में रखना, सीधी रखना, और किसी का हाथ नहीं लगना चाहिए."

डब्यात पांढऱ्या भुकटीत रुतवलेली एक बाटली होती. बाटली मुठीएवढी, पण उचलली की मनगट खाली जायचं. तेवढ्याच पाण्याच्या तिप्पट तिचं वजन. आत काळपट लाल रस, हुबेहूब कोकमाच्या आगळासारखा, आणि रसाच्या वर तांबूस धुकं, कोणी न हलवता आपलं आपण फिरणारं. काचेचं बूच, त्यावर मेण, मेणावर सुतळी. एवढा बंदोबस्त काशीरामाने गिरणीच्या तिजोरीलाही पाहिला नव्हता.

तो मुलुंडच्या कॉलेजात पोचला तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप. शिपाई म्हणाला, "सोमवारी या." दुकान तर कधीच बंद झालेलं. म्हणजे बाटली घरी न्यायची. आणि घरी होती सुगंधाआते.

सुगंधाआते म्हणजे काशीरामाच्या बापाची बहीण. शिमग्याला चार दिवसांसाठी म्हणून गावाहून आली आणि मे संपत आला तरी परतीचं नाव नव्हतं. भाच्याचं घर तिने असं हातात घेतलं होतं की काशीरामालाही आत येताना पाय पुसून विचारावं लागे. मागच्याच महिन्यात त्याने आणलेला मोरचूद तिने नीळ समजून बादलीत टाकला होता. काशीरामाच्या बनियनी त्यानंतर अशा हिरव्यानिळ्या झाल्या की तो गॅलरीत उभा राहिला की पोपट येऊन बसायचे. आता उद्या रविवार, म्हणजे सोलकढी. ही बाटली आतेच्या नजरेला पडली की "आगळ हाडलंस काय रे?" म्हणणार आणि नारळाच्या रसात उपडी करणार. पुढचा विचार काशीरामाने केलाच नाही.

थंड जागा, सरळ जागा, कोणाचा हात न लागणारी जागा. आख्ख्या चाळीत अशी जागा एकच. राखणदाराच्या धोंड्यामागे भिंतीशी एक फट होती. देवाच्या पाठीमागे हात घालायची कोणाची छाती नव्हती. डबा त्या फटीत मावेना, म्हणून त्याने डबा खाटेखाली सारला आणि नुसती बाटली फटीत उभी केली.

"देवा, दोन दिवस जरा लक्ष ठेव," तो म्हणाला आणि मोकळा झाला.

आता दुसऱ्याच दिवशी त्याच देवासमोर त्याचाच कौल लागणार होता, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कौल पुढून लागतो, बाटली मागे. पुढच्याचा मागच्याशी काय संबंध, असं त्याने स्वतःला समजावलं.

कौलाची भानगड अशी होती. गल्लीच्या तोंडाशी मालनची एका खोलीची खानावळ. मालन विधवा, काशीराम विधुर, आणि पाचेक वर्षं तो तिच्याकडे जेवत होता. आते आल्यापासून घरी चूल पेटली, तरी आतेचं जेवून तो पुन्हा मालनकडे जाऊन जेवायचा. प्रेमात माणूस सुकतो म्हणतात. काशीराम चांगला सुटला. सगळे तिला मालनताई म्हणत. काशीरामही म्हणायचा, पण मागच्या दिवाळीपासून त्याला 'ताई' म्हणायच्या वेळेला नेमका खोकला यायला लागला. "मालन... खक्खक्... जरा आमटी." मालनला ते कळलं होतं की नाही, कोणास ठाऊक. ती आमटी वाढायची.

आणि आता मालन चालली होती. दहिसरच्या भावाने नदीजवळ चहा-वड्याचा गाळा टाकला होता, त्याला हाताखाली हक्काचं माणूस हवं होतं. येत्या गुरुवारी टेम्पो येणार, भांडीकुंडी जाणार, खानावळीला टाळं. एकदा दहिसरला गेली की गेली. रोज संध्याकाळी आमटीसाठी दहिसरला कोण जातं?

मालनला विचारायची काशीरामाची हिंमत होईना, म्हणून त्याने आतेला विचारलं. आते म्हणाली, "माका कित्या विचारतंस? देवाक विचार. देवान उजवो दिलो तर मी स्वतः तिच्याकडे जातंय. डावो दिलो तर तोंड बंद. आणि एकदा विचारलेला परत वर्षभर विचारूचा नाय, समजला?" मग देवाला गाऱ्हाणं घालून कौल लावणाऱ्या दत्ताराम घाड्याला विचारलं. दत्तारामाने पंचांगाला विचारलं. अशा रीतीने एक मालन सोडून सगळ्यांना विचारून झालं.

कौल लावायची रीत सोपी. देवाच्या धोंड्यावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. दत्ताराम घाडी आठवडाभर जकातनाक्यावर शिपाई असायचा आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलायचा. पण सणासुदीला अंगात उपरणं आलं की तो गावचा घाडी व्हायचा आणि त्याचा आवाज आजाच्या गळ्यातून निघायचा.

रविवारी सकाळी घुमटीत दोन समया लागल्या. बायकांनी उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवले. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर, आत समयांची धग, आणि घुमटी एवढीशी, की देवालाही घाम फुटावा. दत्तारामाने जास्वंदीच्या लालभडक पाकळ्या पाण्यात बुडवून धोंड्याला चिकटवल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ गरजली.

"आज ह्या तुझ्या लेकरान, काशीराम परबान, मनात एक इच्छा धरलेली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"मालन खानावळवालीशी संसार मांडूचो, असा त्येच्या मनात हा..."

"व्हय म्हाराजा!" हा होकार असा काही निघाला की मिठागरातले बगळे उडाले. काशीरामाचे कान लाल झाले.

"व्हवचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी, पण काय ता आज सांगून मोकळो हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे गप्प. काशीराम उजवीकडच्या वरच्या पाकळीवर डोळे लावून उभा. पड गो बाय, पड, तो मनात म्हणत होता. पाकळी पडली नाही. डावीकडचीही पडली नाही. थोड्या वेळाने एक वास आला, ब्लीचिंग पावडरच्या पोत्यात कोणी डोकं घालून दाबून धरावं तसा. आणि उजवीकडच्या वरच्या पाकळीची कड पिवळट झाली. मग ती कड पांढरी पडली. पांढरेपणा आत आत सरकत गेला. एकीची बघून दुसरीची, दुसरीची बघून डावीकडच्यांची. बघता बघता देवाच्या अंगावरच्या सगळ्या लाल पाकळ्या मोगऱ्याच्या असाव्यात तशा पांढऱ्याफटक झाल्या. आणि पडली त्यातली एकही नाही.

दत्तारामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याच्या आजाने त्याला सगळं शिकवलं होतं: उजवा, डावा, दोन्ही एकदम पडले तर काय, एकही पडला नाही तर काय. रंगाबद्दल आजा काही बोलला नव्हता.

"सफेद झाली!" आते ओरडली.

तेवढ्यात राखणदाराच्या खांद्यावरून तांबडा धूर निघाला. उदबत्तीचा धूर वर जातो. हा वर जाईना. देवाच्या खांद्यावरून तो शालीसारखा घसरला, पायरीवरून उतरला आणि लोकांच्या दिशेने जमिनीलगत सरपटत निघाला.

"देव उतरलो! देव उतरलो रे!" दत्तारामाने साष्टांग दंडवत घातलं. त्याच्या मागे सगळी चाळ आडवी झाली. आणि जो जितका भक्तिभावाने आडवा झाला, तो तितका जोरात खोकायला लागला. दत्ताराम नाक जमिनीला टेकवून होता, त्याचे डोळे तर नळासारखे वाहू लागले. आते एका हाताने पदर नाकाला लावून दुसऱ्या हाताने गालात मारून घेत होती. मागे गॅलरीत दात घासत उभा असलेला एक नास्तिक तेवढा ठणठणीत होता. नाल्यातले खेकडेसुद्धा त्या दिवसानंतर आठवडाभर सरळ चालत होते म्हणतात.

काशीराम उभाच होता. वाकायचं त्याला सुचलंच नाही. त्याच्या डोक्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, गाढवा, ही तुझी बाटली आहे. दुसरा म्हणत होता, बाटलीतला रस लाल, धूर लाल; लाल धुराने लाल फूल अजून लाल होईल, पांढरं कसं होईल? हळदीत बुडवलेलं लुगडं कधी पांढरं झालंय? म्हणजे हे बाटलीचं काम नव्हे, देवाचंच. मग पहिला म्हणे, पण धूर तर बाटलीचाच आहे. मग दुसरा म्हणे, पण फूल? असं दोघांनी त्याला मधे धरून गरगर फिरवलं.

लोक खोकत खोकत उठून बसले आणि अर्थ लावायला लागले.

"पांढरा म्हणजे शांती," दत्ताराम डोळे पुसत म्हणाला. "देव राजी हा."

"खुळो की काय तू? पांढरा म्हणजे कुंकू पुसलेला. देव नाय म्हणता," आते म्हणाली.

"पण डावी पडली कुठे?"

"उजवी तरी खंय पडली?"

"देवाने काशीरामाला गोरा केलाय असं धरा की," नास्तिक गॅलरीतून म्हणाला. त्याला सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या. तेवढ्यावर तरी एकमत झालं.

काशीराम तिथून सुटला तो थेट रस्त्यापलीकडच्या इमारतीत, अंबादाससरांच्या दारात. अंबादास वानखडे त्याच मुलुंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांच्याच प्रयोगशाळेची ती बाटली; ती सरळ त्यांच्या घरी द्यावी हे काल काशीरामाला सुचलंच नव्हतं. सर गालाला फेस लावून दाढी करत होते.

"सर, लाल धुराने लाल फूल पांढरं होतं का?"

"होतं," सर आरशातून म्हणाले.

"म्हणजे देव नाही?"

"ते मला नका विचारू, परब. माझा विषय रसायनशास्त्र." मग त्यांचा वस्तरा थांबला. "एक मिनिट. कुठला लाल धूर?"

काशीरामाने सांगितलं. सर अर्ध्या दाढीनिशी जिना उतरले. वाटेत पळता पळता ते समजावत होते आणि काशीराम धापा टाकत ऐकत होता.

"ब्रोमीनला स्वतःचा रंग आहे, पण दुसऱ्याचा तो टिकू देत नाही. ओल्या फुलाचा तर नाहीच. समजलं?"

"नाही सर."

"त्याला धग लागली की त्याची वाफ होते, फार लवकर होते. तुमच्या समयांनी मेण वितळलं असणार, बूच ढिलं झालं असणार. आता समजलं?"

"नाही सर. एवढ्या तापट वस्तूला देव शेजारी ठेवून घेतोच कसा?"

सर कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत घुसले. तिथे श्यामकांत फोटोग्राफर स्टुलावर बसून निगेटिव्ह वाळवत होता.

"श्यामकांत, हायपो द्या. बादलीभर."

"लग्नाची ऑर्डर आहे का?" श्यामकांतने विचारलं.

सरांनी काशीरामाकडे बघितलं. काशीराम म्हणाला, "अजून कळत नाही."

फोटो पक्का करायला फोटोग्राफर पाण्यात जे मीठ विरघळवतात ते हायपो. त्याची बादली घेऊन दोघं चाळीत आले तेव्हा दुसऱ्या दंडवताची तयारी चालली होती.

"झोपू नका! कोणी झोपू नका!" सर ओरडले. "उभे राहा! हा वायू जड आहे, खाली बसतो. वारा येतोय त्या बाजूला लांब व्हा!"

सरांनी ओलं फडकं नाकातोंडाला बांधलं, दोन्ही समया विझवल्या, आणि देवाच्या पाठीमागे हात घातला. चाळीने श्वास रोखला; काहींनी भीतीने, बहुतेकांनी वासाने. बाटली बाहेर आली. बुचाच्या कडेने लाल वाफ अजून झिरपत होती. सरांनी ती हायपोत भिजवलेल्या फडक्यात गुंडाळली, हात लांब धरून बांधावर उघड्या वाऱ्यात नेऊन, काशीरामाने खाटेखालून काढून आणलेल्या डब्यात बसवली, आणि परत येऊन उरलेली बादली फटीत ओतली. भिंतीवर ओघळलेला लालपणा जागच्या जागी नाहीसा झाला. जणू कधी नव्हताच.

हे मात्र आतेला फार आवडलं. तिने अंबादाससरांना कोपरापासून हात जोडले. "बघलास दत्तारामा? ह्यो खरो घाडी!"

देवधर्म, नवससायास यातलं काही एक न मानणारे अंबादाससर अर्ध्या दाढीवर वाळलेला फेस घेऊन उभे होते. ते म्हणाले, "काकी, यात देवाचं काही नाही. हे ब्रोमीन आहे."

"येता खंयसून ता?"

"समुद्रातून. खारं पाणी आटवून मीठ काढून घेतलं की जे कडू पाणी उरतं ना, त्यातून काढतात."

"दर्यातून!" आतेचे डोळे चमकले. "ऐकलास? देवाच्या गावचाच ता! देवाक भेटूक इला!"

सरांनी कपाळाला हात लावला. आता गप्प बसलं तर हे प्रकरण पुढल्या वर्षी जत्रेपर्यंत जाईल हे काशीरामाला दिसत होतं. तो पुढे झाला.

"आते, बाटली मी ठेवली होती. काल. कॉलेजची आहे."

देवाच्या पाठीमागे हात घातला, तोही परबांच्या घरातल्या माणसाने! दत्तारामाने उपरण्याचं टोक तोंडात धरलं. आते पदर खोचून भाच्यासमोर आली. मग म्हणाली, "तू ठेवलंस. बराबर हा. पण तुका थंयच ठेवूची बुद्धी कोणी दिली?"

खरंच, कोणी दिली? काशीरामाने आशेने सरांकडे पाहिलं.

"यावर आमच्याकडे प्रयोग नाही," सर म्हणाले. "बाटली मी घेऊन जातो. उद्या पोचपावती देतो. यापुढे माझ्या घरी आणत जा, देवाकडे नको." आणि उरलेली अर्धी दाढी करायला निघून गेले.

काशीरामाची नोकरी वाचली, पण त्याचा जीव तिथे नव्हताच. त्याने दत्तारामाला बाजूला घेतलं. "घाडीबुवा, कौलाचं काय? पुन्हा लावता येईल ना?"

"कसा येईल? प्रश्न विचारून झालो. देवान ऐकलो. उत्तर काय ता दिलान, आमका वाचता येत नाय त्येका देव काय करतलो? आता पुढच्या वर्षी."

"पण गुरुवारी टेम्पो येतोय!"

"देवाक टेम्पोचा टायम विचारू नये," दत्ताराम म्हणाला आणि नाक शिंकरायला गेला.

काशीराम घुमटीच्या पायरीवर बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात काटे. पांढऱ्या पाकळ्या अजून धोंड्याला चिकटून होत्या. बाटलीने केलं म्हणावं तर कौल झालाच नाही. देवाने केलं म्हणावं तर काय केलं ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी मालन दहिसरलाच चालली होती.

तेवढ्यात मालनच आली. हातात भातवाढी, कमरेला पदर खोचलेला.

"काय चाललंय हे? एक माणूस जेवायला नाही. तिकडे कालवण आटलं." मग तिने चाळीची तोंडं बघितली. "गेलं कोण? सगळे रडताय ते?"

दत्ताराम हळूच म्हणाला, "देवान उत्तर दिला नाय, मालनताय."

"माहितीये काय विचारलंत ते. तुमचं 'व्हय म्हाराजा' काय हळू असतं? चुलीपाशी बसून अक्षर न् अक्षर ऐकलंय मी. सगळ्या चाळीने माझ्या लग्नाला होकार दिला. मला वाटलं, आता कोणीतरी मलाही विचारायला येईल. म्हणून हातातलं काम सोडून दारात उभी राहिले." तिने भातवाढी काशीरामाकडे वळवली. "काय हो परब?"

"मालन..." काशीरामाला खोकला आला. या वेळी खरा. तो बराच वेळ खोकला. चाळ थांबली. "विचारतो. आत्ता विचारतो."

"विचारा की."

"तुम्ही दहिसरला जाऊ नका."

"हे विचारणं झालं की सांगणं?"

"ते माझंही मला कळत नाहीये."

मालनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आणि हे डोळ्यांतून पाणी? माझ्यासाठी?"

काशीराम खरं काय ते शोधायला लागला. हो म्हणावंसं फार वाटत होतं. "थोडं ब्रोमीनचं आहे," तो शेवटी म्हणाला. "थोडं... नसावं. किती कशाचं ते वेगळं नाही काढता येत."

आतेने कपाळ बडवून घेतलं. "मेल्या, हो म्हण की रे!"

"तुम्ही गप्प बसा हो आते," मालन म्हणाली. आतेला गप्प बसा म्हणणारं माणूस मुलुंडात त्याआधी जन्मलं नव्हतं. आते इतकी चकित झाली की खरंच गप्प बसली. मालन काशीरामाला म्हणाली, "आधी नळावर जाऊन तोंड धुवा. साबणाने. मग जेवायला या. आणि बाकीच्यांनो, तुम्हीपण या, भात काय फेकून देऊ?"

काशीराम जेवला. घसा असा सोलला होता की काय खाल्लं ते त्याच्या जिभेला कळलं नाही. मालन वाढत राहिली, तो गिळत राहिला. मधे दोनदा त्याने विचारायला मान वर केली, आणि दोन्ही वेळा त्याच्या ताटात भात पडला. हात धुतल्यावर ती म्हणाली, "आता असेच दहिसरला जा. माझ्या भावाला सांगा, गुरुवारी टेम्पो पाठवू नको म्हणावं."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

दोन बस बदलून तो दहिसरला गेला. कपड्यांना वास असा चिकटला होता की दोन्ही बसमध्ये त्याला चार चार सीटं मोकळी मिळाली. एका कंडक्टरने तर लांबूनच तिकीट फाडून वाऱ्यावर सोडलं. काशीराम खिडकीशी बसून विचार करत होता. टेम्पो नको म्हणजे होकार? की गुरुवारी नको, शुक्रवारी पाठव? आणि होकार असेल तर ती हो का म्हणाली नाही? आणि नकार असेल तर मग साबणाने तोंड कशाला धुवायला लावलं? देवाच्या पाकळ्या तरी पांढऱ्या झाल्या होत्या, त्यांच्याकडे बघता तरी येत होतं. ही बाई लाल नाही, पांढरी नाही, नुसती भात वाढते.

नदीजवळच्या गाळ्यात मालनचा भाऊ जयवंत वडे तळत होता. काशीरामाला दोनचारदा खानावळीत पाहिलेलं, त्यामुळे ओळख होती.

"या परब. इकडे कुठे? आणि हा वास कसला?"

"मालनने पाठवलंय. गुरुवारी टेम्पो पाठवू नको म्हणाली."

जयवंतचा झारा कढईवर थांबला. "का?"

"ते नाही सांगितलं."

"येत नाही म्हणाली?"

"तसंही नाही म्हणाली."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. जेवायला वाढलं आणि पाठवलं."

जयवंतने झाऱ्यातले वडे निथळून परातीत टाकले, गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आला. "काय होतं जेवायला?"

"सुरमईचं कालवण."

"तुकडा कुठला वाढला? शेपटीकडचा?"

काशीरामाने आठवून बघितलं. चव आठवेना, पण ताट आठवलं. "नाही. मधला."

"मधला?" जयवंत जवळ सरकला. "आणि परत घेतलात तेव्हा?"

"मी नाही घेतला, तिनेच टाकला. तोही मधलाच."

जयवंत त्याच्याकडे डोळे फाडून बघत राहिला. "सख्खा भाऊ आहे मी तिचा," तो म्हणाला. "आजवर डोक्याच्या तुकड्यापुढे माझी मजल गेली नाही." मग तो मागे वळला आणि गाळ्याच्या आत, बायकोला ऐकू जाईल अशा बेताने ओरडला, "अगो, भावोजी इलेत! चाय टाक, चांगली दुधाची!"

कोण भावोजी आले ते बघायला काशीरामाने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. त्याने पुन्हा एकदा नीट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.